खाऱ्या काठावरचं गोडं पाणी

तारकर्लीला अजून नीट उजाडलेलं नाही आणि किनाऱ्यावर रापण ओढणं सुरू आहे. दोन दोर समुद्रातून वर आले आहेत. एक आमच्या पुढ्यात, दुसरा बराच लांब, देवबागच्या अंगाला. दोन्हींवर पंधरा-वीस माणसं, पाय वाळूत रोवून मागे मागे सरकणारी. जो सगळ्यात मागे पोचतो, तो दोर सोडतो, पाण्यापर्यंत चालत येतो आणि पुन्हा पहिला होऊन ओढायला लागतो. बोलणं कमी. मधूनच कुणीतरी ‘होऽऽ’ करतं आणि सगळे एका दमात ताण देतात. पहाटे होडी अर्धवर्तुळ घेऊन जाळं सोडून गेली होती, ते अर्धवर्तुळ आता आवळत चाललं आहे. दोन्ही टोळ्या वाळूवरून हळूहळू एकमेकींकडे सरकतात.

आमचे हे चपला काढून दोराला हात लावतात. कुणी नको म्हणत नाही, कुणी या म्हणत नाही. शेजारचा माणूस फक्त त्यांची पकड सुधारतो.

जाळ्याची पिशवी कडेला लागते तेव्हा बायका टोपल्या घेऊन खाली येतात. तारल्या, पेडवे, थोडे बांगडे, दोनचार खेकडे. वर घारी फिरू लागल्या आहेत. आता वाटे पडतात. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा. ह्यांच्या ओंजळीतही चार बांगडे येतात. “ओढलास मां? मग घेवा,” एवढंच म्हणून वाटे घालणारा पुढे सरकतो.

बांगडे घेऊन आम्ही रिसॉर्टच्या फाटकातून आत शिरतो. सुरूच्या झाडांना बांधलेले झुले, कौलारू कॉटेजेस आणि मधोमध निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव. समुद्र साठेक पावलांवर आहे, पण सकाळी सातला मुलांच्या उड्या पडताहेत त्या तलावात. बाजूला पाटी : समुद्रातून आल्यावर आधी शॉवर घ्या. हे पाटी वाचतात, मग तलावाची लांबी पावलांनी मोजतात. आयुष्य पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात काढलेला माणूस. कुठल्याही गावी गेला की देऊळ नंतर, आधी पाण्याची टाकी शोधतो.

“दहा बाय पाच. खोली सरासरी सव्वा मीटर धर. साठ हजार लिटर तरी.”

“अहो, सुट्टी आहे.”

“म्हणून तर मोजतोय. ऑफिसात असतो तर फाईल मागवली असती.”

रिसेप्शनवरचा मुलगा छापील कागद पुढे करतो : गाडी, गाईड, तीन ठिकाणं, मध्ये जेवण. आम्ही कागद परत देतो आणि मालवणला जाणारी एसटी किती वाजता येते ते विचारतो. तो जरा थांबून घड्याळाकडे बघतो. हा प्रश्न त्याला रोज येत नसावा.

*

मालवणच्या धक्क्यावर होड्या भरण्याची वाट बघत उभ्या आहेत. पाऊस संपला की ही वाहतूक सुरू होते आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की बंद. केशरी जाकिटं चढवून आम्ही फळीवर बसतो. नोव्हेंबरचं पाणी शांत आहे, खडकांच्या कडेने तळ दिसतो. इथलं २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तांडेल मात्र खडक त्याच्या आज्याने दिलेल्या नावांनी दाखवतो.

सिंधुदुर्गाची भिंत जवळ येते, पण दरवाजा दिसत नाही. बुरुजामागे बुरुज. होडी अगदी तटाशी जाते तेव्हा दोन बुरुजांच्या वळणात वाट उघडते. कुरटे नावाच्या ह्या बेटावर किल्ला उभारायचं ठरलं तेव्हा पूजा झाली ती समोरच्या किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्यापाशी, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं, तट लांबीला तीन किलोमीटरच्या आसपास, आत सुमारे ४८ एकर जागा. दरवाजाजवळच्या घुमट्यांत शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, तिथे रांग. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेल्या शिवराजेश्वराच्या देवळात दाढी नसलेली मूर्ती, तिथेही रांग.

ह्यांना रांगेत रस नाही. ते विहिरी विचारत निघाले आहेत. तीन आहेत : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आमच्या बरोबरचे लोक डोकावतात, फोटो काढतात, पुढे जातात. हे कठड्याशी उभे राहून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मापतात, मग तटापलीकडच्या समुद्राकडे बघतात. किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात. त्यांतलीच एक बाई कळशी भरून निघाली आहे. हे पाणी मागतात. ती कळशी कलती करते. ओंजळीने पिऊन हे माझ्याकडे वळतात.

“पी.”

मी पिते. आमच्या घरच्या नळाच्या पाण्यापेक्षा मऊ.

“चारी बाजूंनी खारं आणि मध्ये हे. तोफा, बुरुज सगळं नंतरचं. हे नसतं तर वेढा घालायला शत्रूही लागला नसता. आठ दिवसांत किल्लेदार स्वतःच होडी मागवून निघाला असता.”

“कुठून येतं मग?”

“वरून. पावसाचंच. खडकाच्या भेगांतून मुरतं आणि तिथेच थांबतं.” ह्यांचा आवाज चढतो तशी कळशीवाली बाई थबकून ऐकते. तिच्या चेहऱ्यावर, हे सांगायला पुण्याहून माणूस यावा लागतो का, असा भाव आहे.

*

दुपारचं जेवण रिसॉर्टबाहेरच्या काकींकडे. पाटी नाही, पण दारात तीन मोटारसायकली म्हणजे आत जेवणारे आहेत. सकाळचे बांगडे मी त्यांच्याकडेच दिले होते. ते आता तिरफळ घातलेल्या तिखल्यात आले आहेत. सोबत भात, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. काकींची सून वाढते. ती सकाळी आमच्याच रिसॉर्टमध्ये खोल्या झाडते आणि दुपारी इथे असते.

हात धुवायला मागच्या अंगणात गेलेले हे परत येत नाहीत. बघते तर सिमेंटच्या कड्यांच्या विहिरीवर वाकलेले. विहीर म्हणजे खोल काही नाहीच. पुरुषभर खाली पाणी हलतं आहे. माडांच्या रांगेपलीकडे लाटा ऐकू येताहेत.

“गोडा आसा,” काकी मागून म्हणतात. “सासऱ्यांनी खणल्यानी. तेव्हा दगडाची होती, कडी आत्ता घातली.”

“मे महिन्यात?”

“मे म्हयन्यात वायच मचूळ जाता. पयले जात नाय होता.” त्या रिसॉर्टच्या दिशेला हनुवटी करतात. “थंय पंप आसत. दिवसभर चालतत.”

हे विहिरीच्या कड्यावर बसतात आणि काडीने वाळूत आकृती काढतात. खाली खाऱ्या पाण्याची रेघ, वर भिंगासारखा फुगीर गोडा थर. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याच्या चौपट. तो वाळूतून सरळ खाली झिरपतो. खारं पाणी जड, गोडं हलकं; ताकावर लोणी तरंगावं तसं ते तरंगत राहतं. गणित असं : समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली चाळीसेक फूट गोडं पाणी असतं. आणि उपसून वरची पातळी एक फूट खाली नेली, तर आज ना उद्या खालचं खारं चाळीस फूट वर चढतं.

“एकाला चाळीस,” हे काडी टाकून म्हणतात. “सावकारसुद्धा इतकं व्याज लावत नाही.”

काकी आकृती नीट बघतात. मग पदराला हात पुसत म्हणतात, “आमी म्हणतोच. लोक दर्याक भितत, लाट येतली म्हणान. दर्यो वरसून नाय येवचो, खालसून येतलो.”

हे माझ्याकडे बघतात. खात्यात असते तर काकींना त्यांनी सल्लागार नेमलं असतं.

*

मालवणात भाड्याने स्कूटर मिळते. कुंभारमाठ, चौके करत आम्ही धामापूरच्या रस्त्याला लागतो. समुद्र दहा मिनिटांत विसरायला होतो. जांभ्याच्या उघड्या सड्यावर गवत पिवळं पडलेलं, मधूनच चिऱ्यांच्या खाणीची चौकोनी लाल भिंत. उतारावर काजूची कलमं. खाली सखल भागात भात कापून झालेलं आहे; खळ्यांशेजारी गवताच्या उडव्या रचल्या आहेत. काही शेतांत मात्र पुन्हा पाणी खेळतं आहे, चिखलणी सुरू आहे. वायंगण. दिवाळीनंतरचं हे दुसरं भात ज्याला पाणी आहे त्यालाच करता येतं.

हे स्कूटर थांबवायला सांगतात. मी चालवते आहे, हे मागे बसले आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा आमचा हा करार आहे.

“पाट बघ. पंप नाही, आवाज नाही. नुसत्या उतारावर चाललंय.”

पाटाच्या उगमाशी धामापूरचा तलाव आहे. १५३० साली, विजयनगरच्या राजवटीत, नागेश देसाई नावाच्या इथल्या मांडलिकाने तो बांधवला. दोन डोंगरांमधली खिंड मातीच्या बांधाने अडवलेली, बांधाला दगडांचं अस्तर, आणि पाण्यात उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांच्या टोकाशी भगवतीचं देऊळ. पाणी काळंशार. पलीकडच्या काठावर झाडी इतकी दाट की जमीन दिसत नाही. आंतरराष्ट्रीय सिंचन संघटनेने २०२० साली ह्या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळांमध्ये घेतलं. हे बांधावरून चालत चालत सांडव्यापर्यंत जातात, परत येतात, पुन्हा जातात. मी पायरीवर पाय सोडून बसते. मासे बोटांना टोचतात.

पायऱ्यांवर देवळाशी फुलं विकणारे आजोबा सगळ्यांना सांगतात ती गोष्ट मलाही सांगतात. पूर्वी कुणाच्या घरी लग्न निघालं आणि दागिने नसले, की आदल्या दिवशी परडीत फुलांचे दागिने करून तलावात सोडायचे. दुसऱ्या दिवशी परडी वर यायची ती सोन्याने भरलेली. लग्न झालं की दागिने परत पाण्यात. मग एकाने परत केले नाहीत.

“आणि?”

“आणि काय? बंद.”

हे तोवर येऊन ऐकत उभे राहिले आहेत. साध्या गोष्टींवर शंका काढणारा माणूस, ह्या गोष्टीवर एकही शंका काढत नाही. फक्त विचारतात, “मालवण शहराला पाणी कुठून जातं?”

“हयसूनच,” आजोबा बांधाकडे हात करतात. “नळयोजना आसा मां.”

म्हणजे त्या दिवशी धक्क्यावरच्या हॉटेलात आम्ही जो चहा घेतला, तो ह्याच तलावाचा होता. पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी भातासाठी अडवलेलं पाणी डोंगर उतरून समुद्रकाठच्या पर्यटकांचे पेले धुतं आहे. जाताना हे देवळात जातात आणि बराच वेळ बाहेर येत नाहीत. मी आत डोकावते. ते देवीकडे नाही, देवळाच्या जोत्यावरच्या पाण्याच्या खुणांकडे बघताहेत.

*

सावंतवाडीला जाण्याचा हट्ट माझा. कुडाळला एसटी बदलून आम्ही पोचतो. मोती तलावाच्या काठचा राजवाडा, आणि त्याच्या दरबारात मान खाली घालून गंजिफा रंगवणारे कारागीर. राजमाता सत्वशीलादेवी भोसले ह्यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात ही कला इथे पुन्हा उभी राहिली. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे एकशेवीस गोल पत्ते. एक मुलगी कासव रंगवते आहे. केसभर जाडीचा कुंचला, श्वास रोखून एक रेघ, मग श्वास, मग दुसरी. ह्या खोलीत घाईचं काम दिसत नाही. मी मत्स्याच्या पत्त्यांचा एक जोड विकत घेते. चितार आळीतून लाकडी फळं घेतो. ह्यांची आजची तक्रार एकच, की मोती तलावात पाणी कुठून येतं ते राजवाड्यात कुणी सांगेना.

*

देवबागच्या टोकाला जायचा रस्ता माडांमधून जातो. उजवीकडे समुद्र, डावीकडे कर्ली नदी. जमीन निमुळती होत जाते. एका ठिकाणी तर एका घराच्या पुढच्या दाराशी लाटा आणि मागच्या दाराशी खाडीतली होडी. अशा घरातही विहीर आहे. दोन खाऱ्या पाण्यांच्या मधोमध, माडाच्या आळ्याजवळ, झाकण घातलेली.

संगमावर सुकती लागली आहे. नदीचं पाणी ओढीने बाहेर पडतं आहे आणि समुद्राच्या लाटा त्याला अडवत नाहीशा होताहेत. मध्ये वाळूचा पट्टा वर आला आहे, त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. तिथे केळ्याच्या आकाराच्या फुगीर होडीवर माणसं किंचाळताहेत, दुसरीकडे भज्यांच्या टपऱ्या घोटाभर पाण्यात उभ्या आहेत. भरती आली की सगळं गुंडाळून काठाला आणायचं, हा त्यांचा रोजचा धंदा. पलीकडे भोगव्याचा पांढरा किनारा.

आम्हाला नेणारा होडीवाला इंजिन बंद करून समुद्राच्या बाजूचा दगडी बंधारा दाखवतो. “त्याच्या भायर आमची माडाची बाग होती. ती दर्यात गेली.” त्याच्या बोलण्यात तक्रार नाही, गावचा नकाशा सांगतो आहे. मग आवाज बदलून, “उद्या डॉल्फिन बघूक येतलास?”

*

रिसॉर्टमध्ये परतल्यावर मॅनेजर व्हरांड्यात भेटतो. कुडाळकडचा तरुण, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, बोलायला गोड. ह्यांना आता राहवत नाही.

“तलाव किती दिवसांनी बदलता?”

“पाणी फिल्टर होतं काका. पूर्ण बदलतो सीझनला एकदोनदा. पण उडतं, बाष्प होतं. रोज भर घालावी लागते.”

“साठ हजार लिटर,” हे म्हणतात. “सरकारी योजनेत खेड्यातल्या माणसाला दिवसाला पंचावन्न लिटर धरतात. पाच माणसांचं घर सात महिने चालतं तेवढ्यात.”

मला वाटतं, आता हा वैतागणार. तो वैतागत नाही. समोरची खुर्ची ओढून बसतो.

“काका, खरं सांगू? फोन येतो तेव्हा लोक पहिला प्रश्न विचारतात, पूल आहे का. दुसरा, एसी आहे का. समुद्र किती लांब, हा तिसरा. समुद्र तर सगळ्यांकडेच आहे. पूल नसेल तर बुकिंग शेजारी जातं. शेजारी तोच पंप, तीच वाळू.”

“म्हणजे एकट्याने बंद करून उपयोग नाही.”

“नाही ना. सगळ्यांनी मिळून ठरवलं तर. किंवा छपरांचं पाणी पावसात विहिरीत सोडलं तर. मागच्या वर्षी मालकांना म्हटलं होतं मी. ते म्हणाले, पावसाळ्यात आपण बंदच असतो, कोण बघणार?”

हे कौलांकडे बघतात. मग कागद मागतात. रिसेप्शनवरचा मुलगा तीन ठिकाणांच्या सहलीचा तोच छापील कागद आणून देतो आणि त्याच्या पाठीवर हे छपराचं क्षेत्रफळ, पन्हळ, गाळणीचा खड्डा असं काढू लागतात. मॅनेजर मान तिरकी करून बघतो आहे. वाळूत आणखी खोल खणलं तर चालेल का विचारतो. हे म्हणतात, खोल नको, उथळ आणि पसरट. मी चहा मागवते. एवढ्यात काही हे उठणार नाहीत. तलावात मुलं अजून आहेत, आणि त्यांच्या आया काठावर बसून ओरडताहेत. मीही संध्याकाळी पोहणार आहे. भरलेला तलाव भरलेला आहेच. माझ्या न पोहण्याने काकींच्या विहिरीत कळशीभर भर पडायची नाही. ह्यांच्या हातातल्या कागदाने पडली तर पडेल.

निघण्याच्या दिवशी काकींकडे हिशोब करायला जातो. खाजा आणि खडखडे लाडवांची पुडी बांधून तयार आहे. सून आत रिसॉर्टचा गणवेश घालते आहे. मॅनेजरने कागद मालकांना दाखवला, अशी बातमी तिच्याकडून आधीच पोचली आहे. मालक काय म्हणाले ते तिला माहीत नाही.

“परत येतलास मां?” काकी विचारतात.

“येणार. पावसात,” हे म्हणतात.

“पावसात? पावसात काय बगतलास? होडी बंद, किल्लो बंद, रापण बंद.”

“विहीर भरताना बघायचीय.”

काकी माझ्याकडे वळतात, ह्यांची तब्येत बरी आहे ना असं डोळ्यांनीच विचारतात. मी खांदे उडवते. त्या क्षणभर विचार करतात, मग त्यांच्यातली खानावळवाली जागी होते.

“मगे खोली माझ्याकडेच घेवा. मागची, बावीकडची. पावसात अर्ध्या भाड्यात देतंय. पण मासे गावूचे नाय हां, सुके खावचे लागतले.”

हे खिशातून शंभराची नोट काढून विसार म्हणून काकींच्या हातावर ठेवतात.